परसातले पाहुणे

शाळेच्या आवारात बाग करायची आहे, सुरुवात कशाने करावी, असा प्रश्न शिक्षकांकडून आम्हांला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात बागेचे एक चित्र बहुधा आधीच तयार असते. मधोमध हिरवळीचा चौकोन, त्याच्या कडेने गुलाब, फाटकाशी दोन क्रोटन आणि सभोवार कातरलेली मेंदी. बागकामाच्या पुस्तकांतून हे चित्र आपल्याकडे आले आणि आता गावोगावच्या नव्या बंगल्यांपुढेही दिसू लागले आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील शिक्षकांना आम्ही थोडी वेगळी सूचना करू इच्छितो. कुदळ हातात घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या घराच्या मागच्या दाराने बाहेर न्यावे. तिथे परस असते. परसाला कोणी बाग म्हणत नाही. तिथे आखलेले वाफे नसतात, पाट्या नसतात, आणि पहिल्या नजरेला तर सारा गोंधळच दिसतो. पण हा गोंधळ कित्येक शतके टिकला आहे, आणि टिकणाऱ्या गोष्टीला बहुधा काही तरी कारण असते. ते कारण शोधण्यासाठी या लेखात परसाच्या इतिहासाकडे वळू.

हिरवळीची गोष्ट

आधी हिरवळीचा निकाल लावू. हिरवळ हे मूळचे इंग्लंडच्या हवेचे अपत्य आहे. लंडनला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या मानाने अगदीच थोडा; पण तो बाराही महिने थोडाथोडा पडतो. हवा थंड, त्यामुळे जमिनीतला ओलावा लवकर उडून जात नाही. अशा ठिकाणी गवत आपोआपच हिरवे राहते. ते एकसारखे कापणे एवढेच काम उरते. पूर्वी हे काम मेंढ्या करीत, किंवा लांब दांड्याच्या विळ्याने माणसे करीत. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याचे यंत्र तयार केले. गिरणीत लोकरी कापडावरचे उभे तंतू छाटणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. त्यानंतर सरदारांच्या वाड्यांपुढची हिरवळ मध्यमवर्गाच्या दारी आली आणि इंग्रजी राज्याबरोबर ती आपल्याकडच्या साहेबांच्या बंगल्यांतही पोहोचली. मालवण १८१२ साली इंग्रजांकडे गेले होते.

आता आपला पाऊस पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे लंडनच्या पाचपट पाऊस पडतो. किनाऱ्यावर तो काहीसा कमी असतो. पण जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पावसाळ्यात सड्यावर गवत गुडघाभर वाढते, दिवाळीपर्यंत पिवळे पडते आणि पुढे वाळून जाते. आपल्या हवेतील गवताचा हाच धर्म आहे.

याउलट हिरवळ उन्हाळ्यातही हिरवी ठेवायची तर किती पाणी लागेल? हे गणित वर्गात करून घेण्याजोगे आहे. उन्हाळ्यात गवतातून आणि मातीतून मिळून रोज ५ मिलिमीटर पाणी हवेत जाते असे धरू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर. म्हणजे एक गुंठा हिरवळीला रोज ५०० लिटर आणि फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ६०,००० लिटर पाणी पाहिजे. हे पाणी कुठून यायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे आपण लवकरच येऊ.

जाता जाता एक गंमत. उष्ण देशांत हिरवळीसाठी जे गवत सर्रास लावतात त्याला अमेरिकेत बर्म्युडा गवत म्हणतात. नाव ऐकून हे गवत बर्म्युडा बेटांवरचे असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते जुन्या जगातले आहे आणि माणसाबरोबर अमेरिकेत गेले. आपण त्याला हरळी म्हणतो. हिचेच कोवळे शेंडे दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो आणि शेतात आली की मुळासकट खणून काढतो. म्हणजे झाडाच्या नावावरून त्याचे गाव ओळखता येईलच असे नाही. पुढे हे आपल्याला वारंवार लक्षात ठेवावे लागेल.

पाणी जाईल तिथे झाड

आता परसाकडे येऊ. किनाऱ्यावरच्या जुन्या घराच्या मागे विहीर असते, तिला इकडे बाव म्हणतात. विहिरीजवळ न्हाणी. न्हाणीचे सांडपाणी एका चरातून वाहत जाते आणि त्या चराच्या तोंडाशी केळी आणि अळू असतात. त्यापलीकडे एखादा माड. सहा माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली अंघोळीचे पाणी धरले तरी रोज नव्वद-शंभर लिटर पाणी या चरातून जाते. हिरवळीला जे पाणी विहिरीतून मुद्दाम उपसावे लागेल, त्यापेक्षा कमी पाण्यात इथे केळीचे घड, अळूची भाजी आणि नारळ मिळतात. आणि हे पाणी एकदा वापरून झालेले असते.

चुलीची राख मिरचीच्या, वांग्याच्या बुंध्याशी पडते. किनाऱ्यालगतची जांभ्याची माती आम्लधर्मी असते. मुसळधार पावसाने तिच्यातले क्षार धुऊन जातात. राख अल्कधर्मी असते आणि तिच्यात पालाश असते. रसायनशास्त्र न शिकलेल्या हातांनी योग्य तो पदार्थ योग्य त्या ठिकाणी पडत आला आहे. मासळी धुतलेले पाणी आणि मासळीची घाण माडाच्या आळ्यात जाते, त्यातून नत्र आणि स्फुरद मिळते. पावसाळ्यात विहिरीशेजारच्या मांडवावर पडवळ, दोडकी, कारली चढतात, कारण त्या दिवसांत जमिनीवर पाणी साचते आणि वेल वर असलेला बरा. कडेला जांभ्याचा गडगा. त्याच्या सावलीत आले आणि हळद. एकूण काय, परसाचा नकाशा पाण्याच्या वाटेने काढलेला असतो.

इथे विहिरीचे पाणी जपून वापरण्याला आणखी एक कारण आहे. समुद्राजवळच्या वाळूच्या पट्ट्यात गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यावरून असा हिशेब निघतो की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी बेडन गायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे हा नियम मांडला. याची दुसरी बाजू भीतिदायक आहे. उपसा करून वरची पातळी एक मीटरने खाली आणली तर खालचे खारे पाणी हळूहळू ४० मीटर वर सरकू पाहते. प्रत्यक्ष खडकांत हे प्रमाण जसेच्या तसे राहत नाही, पण दिशा तीच राहते. रहाटाने किंवा कळशीने पाणी काढणाऱ्याला विहीर खारट करणे जवळजवळ अशक्य होते. विजेच्या पंपाने हिरवळ शिंपणाऱ्याला ते सहज शक्य आहे.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचे काम सुरू केले. चहूबाजूंनी समुद्र असूनही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. बेटावर पडलेला पाऊसच त्यांना पाणी पुरवतो. त्यांची नावेच सांगतात की गोड्या पाण्याची इथे काय किंमत होती.

जुने रहिवासी

परसात सर्वांत उंच आहे तो माड. तो इथला किती जुना? नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेख आहे. त्यात त्याने आठ हजार नारळीची झाडे दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्याजवळ नारळाची लागवड हजारांनी मोजण्याइतकी होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात जगभरच्या नारळांचे दोन मोठे गट आढळले, एक प्रशांत महासागराकडचा आणि दुसरा हिंदी महासागराकडचा. माणसाने नारळ दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आपलासा केला असावा असा त्याचा अर्थ. त्यांतले एक ठिकाण आपल्या बाजूचे आहे.

कोकम तर पश्चिम घाटाचेच. त्याची आंबट सोले माशाच्या कढीला हवीत म्हणून प्रत्येक परसात एखादा रतांबा असतोच. त्याच्या शास्त्रीय नावातला 'गार्सिनिया' हा शब्द पाहून गोव्याचा सोळाव्या शतकातील वैद्य गार्सिया द ओर्ता याचे नाव त्याला दिले आहे असा समज होतो. तसे नाही. अठराव्या शतकातील लॉरेन्ट गार्सिन या निसर्ग अभ्यासकावरून लिनिअसने ते नाव ठेवले. आंबा आणि फणसही आपल्याच भूमीतले.

या जुन्या झाडांना राज्यकर्तेही मान देत. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याची चर्चा आहे. आंबा-फणसाचे लाकूड जहाजांना उपयोगी असले तरी ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा जबरीने तोडू नयेत, धन्याच्या राजीखुशीने मोल देऊन घ्यावीत, असा त्यातला आशय आहे. परसातल्या झाडाला मालक असतो आणि त्याच्या वाढीला वेळ लागतो, या दोन गोष्टी राज्यकारभाराच्या ग्रंथात नोंदल्या गेल्या.

गलबतांतून आलेले

माड, कोकम, आंबा, फणस, केळ, अळू, आले, हळद, तुळस. परसातले जुने रहिवासी मोजून झाले. आता उरलेल्यांची यादी करू. मिरची, काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ, रताळे, भोपळा, टोमॅटो, चिकू. दारापुढे झेंडू आणि गुलबक्षी. देवळाच्या आवारात पांढऱ्या फुलांचा चाफा. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. यांतले बहुतेक जण पाचशे वर्षांपूर्वी इथे कोणी पाहिलेले नव्हते. दसऱ्याला दाराला बांधायचे झेंडूचे तोरण, मालवणी मसाल्यातली मिरची आणि गावदेवीच्या देवळापुढचा चाफा हे सारे पाहुणे आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर त्यांचा विश्वास बसत नाही. आमचाही पहिल्यांदा बसला नव्हता.

हे कसे घडले? १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोहोचला आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी भारताकडे निघाला असताना आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि मग पुढे कालिकतला आला. ब्राझील आणि भारत हे दोन किनारे एकाच दर्यावर्दी राष्ट्राच्या वाटेवर आले. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मालवण गोव्याच्या राज्यात कधी नव्हते, पण गोवा फार दूरही नव्हता. तेरेखोलची खाडी ओलांडली की आपलाच मुलूख. रोपे आणि बिया यांना सरहद्द अडवत नाही.

काही पाहुण्यांच्या येण्याच्या नोंदी मिळतात. अननस कोलंबसाने १४९३ मध्ये ग्वादलुप बेटावर पाहिला. त्याच शतकाअखेर जन्मलेल्या माणसांच्या नातवंडांना तो भारतात खायला मिळाला, कारण अकबराच्या दरबारातील 'ऐन-इ-अकबरी'त त्याचा उल्लेख आहे आणि जहांगीरानेही तो फिरंग्यांच्या बंदरांतून आल्याचे लिहून ठेवले आहे. काजू १५७८ साली छापलेल्या क्रिस्तोवाँव द कोश्ताच्या ग्रंथात येतो. त्याने तो कोचीनच्या बागांमध्ये पाहिला होता. गोव्यात काही वर्षे राहून गेलेला डच प्रवासी लिन्सखोतेन याने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात पपईची हकीगत दिली आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पपई उलट्या दिशेने आली, म्हणजे स्पॅनिश अमेरिकेतून फिलिपीन्सच्या बाजूने मलाक्काला आणि तिथून भारतात. पाहुणे पश्चिमेच्या दारानेच आले असे नाही.

नावे हाही एक पुरावा असतो, पण तो तपासून घ्यावा लागतो. 'काजू' आणि 'अननस' हे शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांचे. पोर्तुगीजांच्या तोंडून ते आपल्यापर्यंत आले. म्हणजे मालवणच्या बाजारात काजूचा भाव विचारणारी बाई ब्राझीलच्या जंगलातला शब्द उच्चारीत असते. केरळात काजूला 'जहाजातला आंबा' अशा अर्थाचे नाव पडले आणि त्या नावाने तो सतराव्या शतकात छापल्या गेलेल्या 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथात नोंदला गेला. 'बटाटा' या शब्दाची गंमत आणखी वेगळी. कॅरिबियन बेटांवर तो रताळ्याचा शब्द होता; पुढे तो दुसऱ्याच कंदाला चिकटला. आणि रताळे, जे खरोखर अमेरिकेतून आले, त्याला आपण आपल्या जुन्या कंदांच्या नावांतले एक नाव दिले. सीताफळाचे तर नाव ऐकून ते परदेशी असेल अशी शंकाही येत नाही. भारहूतच्या प्राचीन शिल्पांत सीताफळासारखे फळ दिसते असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी म्हटल्यापासून त्याच्या वयाबद्दल वादही झाला आहे. त्याची जवळची सारी भावंडे मात्र अमेरिकेत आहेत.

शिकाऊ माळी

इतिहासाच्या पुस्तकात हे सारे एका वाक्यात येते: पोर्तुगीजांनी मिरची, काजू, अननस भारतात आणले. वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. आणणे आणि रुजणे यांत फार अंतर असते. बंदरावर उतरलेली बी कोणीतरी हातात घेतली पाहिजे, ती कुठे लावायची हे ठरवले पाहिजे, उगवली तर तिचे काय करायचे हे शोधून काढले पाहिजे. हे काम करणारा प्रत्येक जण त्या झाडापुरता नवशिका होता. त्याला विचारायला कोणी जाणकार नव्हता, कारण जाणकार समुद्रापलीकडे होते.

अशा नवशिक्याने काय केले असेल याचा अंदाज झाडांच्या स्वभावावरून करता येतो. भातशेतीत प्रयोग करणे परवडण्यासारखे नव्हते. भात बुडाले तर वर्षाची उपासमार. परसाच्या एका कोपऱ्यात मात्र चार बिया टाकायला काही लागत नाही. पाणी आहे, राख आहे, शेण आहे, आणि दिवसातून दहा वेळा तिथे नजर जाते. रोप मेले तर नुकसान ओंजळभर बियांचे. नव्या पिकांची पहिली प्रयोगशाळा परसच असणार, असे आम्हांला वाटते ते यामुळे. द कोश्ताला काजू बागांतच दिसला, डोंगरावर नव्हे, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. आज काजू सड्यावर आणि डोंगरउतारावर उभा आहे; तो तिथे परसातून चालत गेला.

मिरचीचे उदाहरण घ्या. आपल्याकडे तिखटासाठी मिरी होती. मिरीचा वेल आधाराच्या झाडावर चढवावा लागतो, त्याला सावली आणि ओलावा लागतो आणि फळे धरायला तीनेक वर्षे जातात. मिरची लावली की तीन महिन्यांत हातात येते. सुकवली की वर्षभर टिकते. शिवाय तिच्या फुलात बहुतांशी स्वपरागण होते, त्यामुळे चांगल्या रोपाचे बी राखून ठेवले की पुढच्या वर्षी बरेचसे तसेच रोप मिळते. गरिबाच्या परसात पिकणारे तिखट प्रथमच मिळाले. तिचे नावही आपण मिरीवरूनच ठेवले. नवी गोष्ट ओळखीची करून घेण्याची ही जुनी रीत आहे.

काजूने मात्र सुरुवातीला त्रास दिला असणार. बोंडू रसाळ, पण त्याला लटकलेल्या बीच्या टरफलात त्वचा भाजणारे तेल असते. इथे आपल्या लोकांना एक अनुभव उपयोगी पडला असावा. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्ब्याचे तेल उततें हे घरोघरी माहीत होते, आणि बिब्ब्याची गोडंबी भाजून खातात हेही माहीत होते. बी आगीत भाजून, टरफल फोडून आतला गर काढावा ही युक्ती ज्याला त्याला नव्याने शोधावी लागली नसेल. पुढे कोवळ्या बिया चिरून ओल्या काजूगरांची उसळ करण्यापर्यंत मजल गेली.

बी आणि कलम

नवशिक्याला आणखी एक अडचण येते. मिरचीचे बी पेरले तर मिरची आईसारखी निघते, पण हापूस आंब्याची कोय पेरली तर हापूस मिळत नाही. आंब्याच्या फुलात परपरागण होते, म्हणून प्रत्येक कोय वेगळे झाड देते. रायवळ आंब्यांत दोन झाडांची चव सारखी नसते ती यामुळे. आवडलेले झाड जसेच्या तसे हवे असेल तर त्याची फांदी दुसऱ्याच्या मुळावर बसवावी लागते, म्हणजे कलम करावे लागते. गोव्यातील पोर्तुगीजांच्या, विशेषतः तेथील ख्रिस्ती धर्मगुरूंच्या बागांत आंब्याच्या कलमांना चालना मिळाली आणि निवडक झाडांना पोर्तुगीज नावे पडली. आफोन्सो या नावाचा आपण हापूस केला. झाड भारताचे, कसब बाहेरच्यांनी वाढवलेले आणि नाव दोघांच्या मिश्रणातले.

हे काम पुढेही चालू राहिले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली अगदी पातळ कोयीचा 'सिंधू' हे आंबे तयार झाले. 'वेंगुर्ला' या नावाने काजूच्याही अनेक जाती तिथून बाहेर पडल्या. चारशे वर्षांपूर्वी जहाजातून उतरलेल्या झाडाच्या जातींना आपल्या गावाचे नाव मिळाले. पाहुण्याला घरचा म्हणण्याचा याहून पक्का दाखला कोणता?

सगळेच पाहुणे सारखे नसतात

पाहुण्यांचे गुणगान करताना एक सावधगिरी हवी. टणटणी ही अमेरिकेतली शोभेची वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. कुंपणाला बरी म्हणून लोकांनी लावली आणि आज ती रानेच्या राने व्यापून बसली आहे. सड्यांच्या कडेने माजलेली रानमोडीही अमेरिकेचीच. नारळावर पडणारी एक पांढरी माशीही मध्य अमेरिकेकडची. भारतात ती २०१६ मध्ये प्रथम तमिळनाडूत आढळली आणि पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

मग चांगला पाहुणा कोणता आणि वाईट कोणता? तो कुठून आला यावरून हे ठरत नाही. मिरची आणि टणटणी एकाच खंडातून आल्या. मिरची माणसाच्या हातून बी राखले तरच पुढच्या वर्षी असते. टणटणीची फळे पक्षी खातात आणि बी कुठेही टाकतात. एकीला आपली गरज आहे, दुसरीला नाही. बाहेरची रोपे आणताना हा प्रश्न आधी विचारावा: हे झाड माझ्या कुंपणाच्या आत राहील का?

कोणाचे नाव राहिले

परसातल्या या ज्ञानाची नोंद कोणी ठेवली? गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये भारतात आला आणि १५६३ मध्ये गोव्यातच त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापला गेला. त्यात मलूपा नावाचा एक हिंदू वैद्य भेटतो आणि बागेतून झाडपाला आणून देणारी आंतोनिया ही दासीही बोलते. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने तयार करवलेला 'हॉर्टस मलाबारिकस' १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघाला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या केरळी वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांची साक्ष नागरी लिपीत, कोकणी भाषेत छापली आहे. आपल्या किनाऱ्याच्या भाषेत आणि आपल्या लिपीत, १६७५ सालची साक्ष. मराठी शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

पण बी राखणाऱ्यांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत. हे काम बहुतकरून घरातल्या बायकांनी केले. भोपळ्याचे बी राखेत घोळून ठेवणे, दोडक्याचे एक फळ वेलावरच जून होऊ देणे, चुलीवर मिरच्यांची माळ धुरात टांगणे, माहेराहून येताना केळीचा मुनवा किंवा अबोलीचे रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणणे. गावागावांतून झाडे पसरली ती अशी. आता परसात फरशी आली, न्हाणीचे पाणी नळीने जमिनीत मुरू लागले, बियाणे पाकिटात मिळू लागले. यांतल्या प्रत्येक गोष्टीत सोय आहे आणि ती कोणी नाकारू नये. पण जे हात हे जाणत होते ते आता म्हातारे झाले आहेत. त्यांना विचारायचे राहिले तर ही नोंद कायमची गेली.

म्हणून शाळेच्या बागेची सुरुवात एका वहीपासून करावी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परसातल्या झाडांची यादी करावी आणि चार रकाने भरावेत. झाडाचे घरातले नाव काय? ते मूळचे कुठले? ते बियांपासून लागते, फांदीपासून, मुनव्यापासून की कलमाने? आणि शेवटचा रकाना: या घरात ते कोणी आणले? पहिल्या तीन रकान्यांची उत्तरे पुस्तकांत आणि शिक्षकांकडे मिळतील. चौथ्याचे उत्तर फक्त घरात मिळेल, आणि ते बहुधा आजीच सांगेल.

वही भरून झाली की शाळेच्या आवारात पाणी कुठे वाहते ते पाहावे. पिण्याच्या पाण्याच्या टाकीखाली, हात धुण्याच्या जागेपाशी जिथे रोज ओल असते तिथे एक केळ आणि थोडे अळू लावावे. मग आजींनी दिलेल्या बियांपैकी चार बिया त्याच्या कडेने टाकाव्यात. उगवल्या तर उत्तमच. नाही उगवल्या तर चारशे वर्षांपूर्वीच्या त्या शिकाऊ माळ्यांप्रमाणे आपणही पुढच्या पावसाची वाट पाहावी.